कुलूपबंद घरांपुढचा ओला सडा

आधीच माफी मागून ठेवतो. इथं लिहिणाऱ्यांची भाषा चांगली असते, त्यांना सांगता येतं. मी नांदेडला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि परीक्षेतल्या निबंधापलीकडं मी आजवर काही लिहिलेलं नाही. शिवाय हे दुसऱ्याच्या घरचं आहे. ते मी का सांगावं, असं कोणी विचारेल. एवढंच, की ज्यांच्या घरचं आहे ते कधीच सांगणार नाहीत...

दुसरी गोष्ट – मी असलं काही मानत नाही. आम्ही बौद्ध. अंगारा, उतारा, लिंबू आमच्या दारात चालत नाही. लहानपणी मला कावीळ झाली तेव्हा शेजारचे म्हणाले, उतरवून घ्या. वडिलांनी मला सायकलवर बसवून सरकारी दवाखान्यात नेलं. त्यामुळं मी जे पाहिलं तेवढंच लिहितो. त्याला नाव देत नाही.

आमचं गाव औंढा तालुक्यात, जवळा बाजारच्या बाजूला. हायस्कूलच्या मागून एक कच्चा रस्ता वर चढतो. तिथं पंधराएक घरं आहेत, काही पत्र्याची, काही मातीची. त्या वस्तीला सगळे 'माळ' म्हणतात. दिवाळी झाली की ट्रॅक्टर यायचे आणि अख्खा माळ ऊसतोडीला जायचा. मागं राहायची म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. माझे आई-वडीलही जायचे. मी दहावी झालो तेव्हा वडिलांना नांदेडला वॉचमनचं काम लागलं आणि आम्ही माळ सोडला.

माळावर एक रीत होती. घराला कुलूप असलं तरी सकाळी त्याच्या अंगणात झाडझूड झाली पाहिजे, सडा पडला पाहिजे. आमच्याकडं ज्या घरी मयत होते त्या घरापुढं सडा पडत नाही. म्हणून माणसं लांब असताना त्यांचं अंगण कोरडं ठेवायचं नाही, अपशकुन होतो. जो मागं राहील त्यानं हे करायचं.

आमच्या वेळी हे करायची सुनंदा. माझ्याच वर्गातली, दोन घरं सोडून राहणारी. बंद घरांची सगळी अंगणं ती एकटी झाडायची, हापशाचं पाणी आणून सडा टाकायची आणि मग शाळेत यायची. रोज उशीर. सर तिला पहिला तास बाहेर उभं करायचे. ती दाराबाहेरून फळा वाचायची आणि तरी वर्गात पहिली यायची. मी दुसरा.

दहावीचा निकाल लागायच्या आधीच तिचं लग्न झालं. सेनगावकडचा मुलगा, तोही ऊसतोडीतलाच.

तिची धाकटी बहीण वैशाली यंदा दहावीला होती. हिला पण आता शाळेतून काढा, असं घरात चाललं होतं. सुनंदा बापापुढं उभी राहिली. म्हणाली, "मी गेले ना तोडीला? एका घरातून एक बास झाली. वैशीला बारावी करू द्या." बापानं कबूल केलं. मग सुनंदानंच तिला डोंगरकड्याला मावशीकडं ठेवलं, कारण माळावर राहिली तर झाडण्यातच तिची दहावी जाईल.

दिवाळीत तिनं नवऱ्याच्या फोनवरून मला फोन केला होता.

"सिद्ध्या, तू लई शिकलास म्हणं?"

"कुठं लई. दुसऱ्या वर्षाला आहे."

"'आहे' म्हणून राहिला! नांदेडचा झाला की रे तू." ती हसली. मग म्हणाली, "वैशीला गणित सांगत जाय फोनवर. तिला भूमिती समजंना. आन तिला रागावू नको, ती रडती."

तेव्हाच तिनं सांगितलं की तिला दिवस आहेत, पण मार्चपर्यंत काही काळजी नाही, म्हणून तोडीला जाणार आहे. मी म्हणालो, "काहून जाऊन राहिली अशात?" तर म्हणाली, "तुला कळलंय का काई? न्हाई ना? मग गणित शिकव."

तेव्हापासून मी दर आठवड्याला वैशालीला फोनवर गणित शिकवत होतो. ती खरंच रडायची. पण सोडवायची.

आता त्या दिवसाचं सांगतो.

आमच्या दहावीच्या बॅचचा एक ग्रुप आहे. मुली चारच आहेत त्यात, बाकीच्यांकडं स्वतःचा फोन नाही. डिसेंबरात संतोषनं – त्याचं जवळा बाजारला मोबाईलचं दुकान आहे – शाळेच्या गच्चीवरून काढलेला माळाचा जुना फोटो टाकला आणि आठवणींचा पूर आला. काय दिवस होते यार. आपला माळ तो आपला माळ. किती एकोपा होता. एकानं लिहिलं, 'सुनी डावरी आठवते का? उलटा झाडू!' ती डावखुरी होती, त्यामुळं तिच्या झाडूचे फराटे इतरांच्या उलट्या बाजूला वळायचे. दुसऱ्यानं लिहिलं की आपण मुद्दाम तिच्या ताज्या सड्यावरून सायकली नेऊन ब्रेक मारायचो. त्यावर खूप जण हसले. ज्यांनी 'एकोपा' लिहिलं होतं त्यातले बरेच खालच्या गावातले होते. त्यांच्या घरी आम्ही कधी अंगणाच्या पुढं गेलो नव्हतो.

एका रविवारी माळावर भेटायचं ठरलं. वीस जण येणार होते. आलो तिघं – मी, संतोष आणि इरफान. इरफान पिकअप चालवतो, त्याच्याच गाडीतून आम्ही गेलो. दुपारचे बारा वाजत आले होते. थंडीचे दिवस, पण ऊन चांगलं तापलेलं.

गाडी हापशाजवळ लावली. हापशाचा दांडाच गायब होता. इरफान म्हणाला, "इसका तो दो साल से काम तमाम है."

पहिल्या घराला कुलूप. आम्ही पुढं गेलो आणि संतोष थांबला.

"सिद्ध्या, हे बघ."

अंगण झाडलेलं होतं आणि ओलं होतं. नुकताच सडा टाकावा तसं, माती काळी पडलेली, थेंबांचे ठसे दिसत होते. दुसरं घर – तसंच. रांगेच्या टोकाकडं सुनंदाच्या वडिलांचं, तेही तसंच. सगळ्या बंद घरांपुढं. आणि शेवटी आमचं जुनं घर. त्याचे पत्रे वडिलांनी कधीच विकले, आत बाभूळ उगवली आहे. त्याच्यापुढंही. आम्ही तर ऊसतोडीलाही गेलेलो नाही, माळावरच राहत नाही... तरी आमचं अंगण कोणीतरी झाडलं होतं.

मी खाली बसून मातीला हात लावला. गार होती. बोटांना चिकटली.

"दव असंल," मी म्हणालो.

"दव झाडू मारतं का?" संतोष म्हणाला. तो नेहमी चेष्टा करतो, पण आवाज बारीक झाला होता. "फराटे बघ की."

फराटे उलटे होते. सगळ्या अंगणांत. दारापासून मागं मागं सरकत झाडलेलं, म्हणजे आपल्याच पावलांचे ठसे राहू नयेत, आणि प्रत्येक फराटा डाव्या हाताचा. मी तीन वर्षं रोज सकाळी ते फराटे ओलांडून शाळेत गेलोय. मी चुकणार नाही. संतोषनंही ओळखलं, कारण सायकलीचे ब्रेक मारणाऱ्यांत तो होता.

माळावर त्या दिवशी एकच माणूस होतं – म्हातारी कासामाय. तिचं खुब्याचं हाड मोडलंय, ती बाजेवरून उठत नाही. दिसतंही कमी. खालच्या गावातली तिची पुतणी सकाळ-संध्याकाळ भाकर आणि पाण्याची एक कळशी देऊन जाते. मी विचारलं, "कासामाय, अंगणं कोणी झाडली?"

"कोण, सिद्धू का? ये बस लेकरा. सुनी झाडली की."

"सुनंदा? आलीय ती?"

"आली असंल बाळंतपणाला. पहाटंपसून खरखर खरखर चालली व्हती. म्या म्हणलं, सुने, च्या ठेव गं माय. तर बोललीच न्हाई. लई काम असतंय पोरीला."

"तुला भेटली का?"

"अंगण झाडल्याबिगर ती कोणाच्या घरात जाती का?"

मला, खरं सांगतो, आनंद झाला. वाटलं, शहाणी निघाली, वेळेत परत आली. मी तिच्या दाराशी गेलो. कुलपावर गंज होता. घराभोवती फिरलो. चूल नाही, धुणं नाही, बादली नाही, झाडूही नाही. कासामायच्या कोपऱ्यातला झाडू कोरडा ठणठणीत होता.

मी वैशालीला फोन लावला. "तू माळावर आली होतीस का?"

"न्हाई ओ सिद्धूदादा. मी डोंगरकड्यातच हाय. काहून? ताई आली का?" तिचा आवाज एकदम उजळला. मी म्हणालो, नाही, सहज विचारलं. तर म्हणाली, "ती प्रमेयं झाली माझी. घेता का तोंडी?" मी म्हणालो, संध्याकाळी.

सुनंदाच्या नवऱ्याचा फोन बंद, तिच्या वडिलांचाही बंद. शेवटी इरफाननं ओळखीतून सुनंदाच्या टोळीच्या मुकादमाचा नंबर मिळवला. मी स्पीकरवर बोललो.

"कोण, सुनंदा? हाय की इथं. समदं बराबर हाय. तोडीच्या टायमाला फोन करत नका जाऊ, तकलीफ व्हती." फोन ठेवला.

ती तिकडं कोल्हापूरच्या बाजूला होती, इतक्या लांब. मग हे काय होतं?

इरफान म्हणाला, "भाई, अपन निकलो यहाँ से." संतोषनं निघता निघता फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली काही लिहिलं नाही त्यानं. लोकांनी बदाम टाकले. 'अजून तसाच स्वच्छ आहे आपला माळ,' असं एकानं लिहिलं.

संध्याकाळी वैशालीनं प्रमेयं न चुकता म्हटली.

खरी गोष्ट आम्हाला पुढच्या महिन्यात कळली. त्या टोळीतला एक जण आजारी पडून परत आला आणि संतोषच्या दुकानात रिचार्जला आला. त्याच्याकडून. आमच्या त्या रविवारच्या आदल्या रात्री सुनंदाला फडातच कळा सुरू झाल्या. दिवस भरलेले नव्हते. दवाखाना लांब, वाहन म्हणजे ट्रॅक्टर, आणि ट्रॅक्टर उसानं भरलेला. तो खाली करेपर्यंत पहाट झाली. रस्त्यातच ती गेली. मूलही गेलं. तिकडंच उरकलं सगळं. मी फोन केला तेव्हा मुकादमाला हे माहीत होतं. टोळी फुटली असती, म्हणून तो म्हणाला, समदं बराबर हाय.

संतोष मला फोनवर हे सांगत होता आणि मध्येच म्हणाला, "पहाटेच गेली रे. कासामाय पहाटंच म्हणत व्हती ना?" इरफान तर तो विषयच काढू देत नाही.

मी खूप विचार केला. कासामायच्या पुतणीला विचारलं, तिनं हात जोडले, म्हणाली, मला माझंच अंगण झाडायला येळ न्हाई. एवढं पाणी आणलं कुठून? आणि पहाटे टाकलेला सडा दुपारी उन्हात ओला राहतोच कसा? मी विज्ञान शिकतो. ओली माती त्या उन्हात किती वेळात वाळते ते मी करून पाहिलं. वाळते, लवकर वाळते. आणि ज्या दिवशी सुनंदाच्या घरापुढं सडा पडायलाच नको होता, नेमका त्याच दिवशी तो पडला. म्हणून तर तिला काही झालं असेल असं आमच्या मनातही आलं नाही. मला ह्याचा राग येतो. कोणावर ते कळत नाही. तुमच्यापैकी कोणाला काही सुचलं तर सांगा, पण मुक्ती, आत्मा असलं नको. ती मेल्यावरसुद्धा आमचीच अंगणं झाडत होती असं कोणी म्हणालं, तर ते मला सहन होणार नाही.

हे इथवर लिहून मी थांबलो होतो. पाठवावं की नाही, ठरत नव्हतं. वैशालीचे फोन बंद झाले होते. बहीण गेल्यावर पोरगी सावरायला वेळ घेईल, असं मी समजलो. परीक्षा जवळ आली म्हणून काल मीच मावशीला फोन केला.

"वैशू न्हाई इथं बाबा," ती म्हणाली. "तिचं लगन लावलं की."

मी विचारलं, "कोणाशी?"

"कोणाशी म्हंजे? दाजीसंगटच. कारखाना चालू हाय अजून. एकल्या गड्याला कोण घेतं तोडीला? जोडी लागती. बाप तरी काय करंल."

"आणि परीक्षा?"

ती म्हणाली, "तिचं दप्तर हितंच हाय. पुस्तकं चांगली हायत, कव्हरं घातलेली. तुझ्या वळखीत कोणाचं लेकरू दहावीला असंल तर घेऊन जाय."