जाऊबाईंचे चार दिवस

अख्ख्या रायपुरात माझ्या मोठ्या जावेइतकी नशीबवान बाई दुसरी नसेल, आणि हे मी कौतुकाने नाही, जळून सांगते आहे. चौबे कॉलोनीतल्या एकाच घरात राहणाऱ्या आम्ही दोघी वर्षभराच्या अंतराने गर्भपिशवी काढून आलो. तिची नुसती पिशवी गेली. माझी दोन्ही अंडाशयंही खराब निघाली, म्हणून त्यांनाही निरोप द्यावा लागला. घरच्यांच्या लेखी मात्र दोघींचं ऑपरेशन एकच, 'पिशवीचं'.

जाऊबाई प्रत्येक गोष्ट साग्रसंगीत करतात. कोथिंबिरीची एक जुडी घ्यायची तरी तीन गाड्यांवर वास घेऊन बघतील. ऑपरेशनला आत नेत असतानाही त्यांनी मला थांबवून फ्रिजमधलं विरजण बाहेर काढायला सांगितलं होतं. पण त्यांचा खरा पराक्रम पुढेच आहे. पिशवी गेल्यावरही त्या दर महिन्याला चार दिवस बाजूला बसायच्या. पाळी येण्याचा प्रश्नच नव्हता. पण छाती दुखायला लागायची, पोट फुगायचं, भाऊजींचं चहा पिणंसुद्धा कानाला सहन व्हायचं नाही. मग "आले माहे दिवस" असं जाहीर करून त्या टीव्हीसमोर उशीला टेकायच्या आणि देवघर-स्वयंपाकघर माझ्या गळ्यात पडायचं. माझी मुलगी एकदा म्हणालीच, "बड़ी मम्मी, अब तो कुछ आता ही नहीं, फिर क्यों बैठी हो?"

"हव, येत नाही. पण मले समजते ना."

आता त्यांची चांगली खरडपट्टी निघेल या आशेने मी हे डॉक्टरीणबाईंच्या कानावर घातलं. त्या म्हणाल्या, बरोबरच आहे त्यांचं. पिशवी काढली तरी अंडाशयं आपलं काम करत राहतात, हार्मोन्स महिन्याच्या महिन्याला चढतात-उतरतात, फक्त पाळी दिसत नाही. तुमची अंडाशयंच नाहीत, म्हणून तुमचं सगळं एकदम बंद झालं. मी हिरमुसून उठले. जाता जाता त्या म्हणाल्या की पिशवी काढल्यावर उरलेली अंडाशयं कधी कधी जरा लवकर थकतात. हे ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

कारण जानेवारीत मी पोळ्या लाटताना घामाने निथळायचे, आणि शाल पांघरून बसलेल्या जाऊबाई म्हणायच्या, "तुहीपण पिशवी गेली, माहीपण गेली. मग तुलेच काहून एवढं गरम होऊन राहिलं? मनावर घेऊ नको." डॉक्टरांचं म्हणणं मी कितीदा समजावलं. "ते तर काहीही सांगतात," एवढंच उत्तर. मला औषध नको होतं, आराम नको होता. तुला खरंच होतंय, एवढं त्यांनी एकदा म्हणावं, इतकीच माझी इच्छा होती.

यंदा उन्हाळ्यानंतर त्यांनी दिवस जाहीर करणं बंद केलं. मी वाट बघत राहिले. दुसरा महिना गेला, तिसराही गेला. परवा वरणाला फोडणी देता देता त्या थांबल्या. चेहरा लालबुंद, मानेवर घाम. गॅस बंद करून ओटा धरून उभ्या राहिल्या.

"काय होऊन राहिलं ग हे?"

मी त्यांना खुर्ची दिली, पंखा वाढवला आणि काय होतंय ते सांगितलं.

"तुले असंच होत होतं? एवढं?"

"हो, ताई."

"अन् मी तुले पोळ्या लाटायले लावत होती."

हेच ऐकायला मी इतकी वर्षं टपून बसले होते. ऐकलं, आणि त्यांच्या ओल्या कपाळाकडे बघताना वाटलं, त्यांचे ते चार दिवस अजून थोडे टिकायला हवे होते.