सहा माणसांची लिफ्ट

रविवारच्या प्रार्थनेनंतर चौथ्या मजल्यावरच्या त्या खोलीत एकानं उभं राहून स्वतःची गोष्ट सांगायची, असा त्या मंडळींचा शिरस्ता. कुणी दारू सुटल्याची सांगे, कुणी रुसलेल्या भावाची. लिफ्ट मेकॅनिकची पाळी आली की मात्र त्याला हटकून खोलीतला पंखा कुरकुरताना ऐकू येई, आणि गडी स्टुलावर चढे. दोन वर्षं हेच चाललं होतं.

त्या रविवारी निवृत्त नर्सबाईंनी स्टूलच स्वतःखाली ओढलं. "पंखा ठणठणीत आहे. तू बोल."

"मावशी, माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही हो."

"मग न सांगण्यासारखं सांग."

सगळे हसले. तो हसला नाही. या इमारतीची लिफ्टही त्याच्याच देखरेखीखाली होती. तोंड उघडलं, तर उद्यापासून हीच माणसं जिन्यानं जातील, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तरी तो बोलला. नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. एका इमारतीत दर मजल्यावरच्या दाराचे कॉन्टॅक्ट, म्हणजे दार नीट लागल्याशिवाय लिफ्ट चालू न देणारे स्विच, तपासायचे होते. घरी पाहुणे येणार होते, म्हणून वरचे दोन मजले न बघताच त्यानं तक्त्यावर 'ठीक' अशी खूण केली. त्याच संध्याकाळी लिफ्ट मध्येच अडकली. आत एक गरोदर बाई, तीन तास. सुखरूप निघाली बिचारी. कंपनीनं खापर विजेवर फोडलं, आणि हा गप्प बसला.

"तेव्हापासून मी प्रार्थनेला हात जोडतो," तो म्हणाला, "पण डोळे मिटत नाही. मिटले की ती दार बडवताना ऐकू येते. आता प्रत्येक दार दोनदा तपासतो. पण तेव्हा तपासलं नव्हतं."

खुर्च्या उचलून भिंतीला लावल्या गेल्या. तो हळूच लिफ्टपाशी जाऊन उभा राहिला. बटण दाबायचा धीर होईना. मंडळी बाहेर आली. शिंपीदादांनी जिन्याकडे पाहिलं, मग लिफ्टकडे.

नर्सबाईंनी बटण दाबलं, लिफ्ट आली तशा त्या काठी टेकत आत शिरल्या. "बघत काय बसलात? माझे गुडघे जिना चढायचे नाहीत आणि उतरायचेही नाहीत. या."

शिंपीदादा आत गेले. त्यांच्या मागून त्यांची बायको, मग एकेक करत सगळेच. शेवटी त्यालाही कुणीतरी बाहीला धरून ओढलं. लगेच बझर कोकलला.

"सहा जणांची आहे," तो पुटपुटला. "दोघं उतरा."

"मी नाही उतरणार!" शिंपीदादा म्हणाले. "बाकीच्यांनी पोट आत घ्या."

"पोटं आत घेऊन वजन कमी होत नाही हो, दादा!" मागून कुणीतरी म्हणालं.

हसू फुटलं, कुणी हलेना. शेवटी तोच बाहेर आला, शिंपीदादांनाही दंडाला धरून बाहेर काढलं. बझर थांबला. दार नीट लागलंय का ते त्यानं सवयीनं दोनदा हलवून पाहिलं, आणि दोघं जिन्यानं निघाले. शेजारून लिफ्ट संथ, एका लयीत उतरत होती. आतून नर्सबाईंचा आवाज येत होता, "पुढच्या रविवारी माझी पाळी. माझंही एक आहे न सांगण्यासारखं."

दुसऱ्या मजल्यावर तो थांबला. कठड्याला टेकून त्यानं डोळे मिटले. लिफ्टची घरघर ऐकू आली, तेवढीच.

"काय रे, दमलास?" शिंपीदादांनी खालून विचारलं.

"नाही, दादा. आलोच."