उसनं हाड

वर्गावर जाण्याआधी साळवे बाई स्टाफरूमच्या खिडकीशी उभ्या राहून हळूच म्हणायच्या, "सासूबाईंनी सकाळी साखर सांडली." मी अंबरनाथच्या शाळेत नवीन होते. मला वाटलं, घरी काहीतरी बिनसलंय. मग कळलं, रिक्षा उलटून त्यांचे वरचे पुढचे दोन दात गेले होते. बसवलेली कवळी 'स' आला की शीळ घालायची आणि पोरं खिदळायची. म्हणून ही रंगीत तालीम.

मराठी शिकवणारी बाई आणि 'स'शी वैर! बदलापूरला हेंद्रेपाड्यातल्या बुद्धविहारात पूर्वी बुद्धवंदना त्याच सांगायच्या. कवळी आल्यापासून मागच्या रांगेत बसून नुसते ओठ हलवायच्या. "पक्के दात बसवून घ्या," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "आधी अनिकेतचं शिक्षण. माझे दात कुठं पळून चाललेत? पळालेच आहेत." नवरा नव्हता, मुलगा एकच. त्यात बरीच वर्षं गेली.

अखेर मीच त्यांना उल्हासनगरला एका सिंधी डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी एक्स-रे बघून मान हलवली. "बाई, दाँत किस में लगाऊँ? हड्डी तो घुल गई. पहले हड्डी भरनी पड़ेगी." दात नसला की तिथलं हाड झिजत जातं, हे आम्हाला तेव्हा कळलं. त्यांनी बाईंच्याच हनुवटीतून हाडाचा तुकडा काढून वर बसवला. तो धरेपर्यंत कित्येक महिने थांबायचं, मग स्क्रू, मग पुन्हा थांबून दात. सुजलेल्या तोंडाने बाई मला म्हणाल्या, "मीना, घरातल्या घरात उसनवारी केली गं. हनुवटीने वरच्या हिरडीला दिलं."

दात बसल्यावरच्या पौर्णिमेला त्या विहारात पुढे जाऊन बसल्या. 'सरणं' हा शब्द इतका स्वच्छ उमटला की मागे बसलेला अनिकेत रडायला लागला.

"भरलेलं हाड टिकेल का, हे आज नाही, काही वर्षांनी कळेल," असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. बाई दर वर्षी न चुकता तपासायला जायच्या. पेरूसुद्धा चिरून खायच्या. "उसनं आणलंय, जपून वापरायला नको?"

आठएक वर्षांनी त्यांची कंबर दुखू लागली. आम्ही म्हटलं, दिवसभर वर्गात उभं राहून असेल. निघाला स्तनाचा कॅन्सर, तोही मणक्यात आणि खुब्यात उतरलेला. हाडांसाठी इंजेक्शन सुरू करायचं होतं. त्याने जबड्याला इजा होऊ शकते, म्हणून कॅन्सरच्या डॉक्टरांनी आधी दात तपासून आणायला सांगितलं. डॉक्टरबाईंनी एक्स-रे पाहिला आणि भरात बोलून गेल्या, "एकदम पक्की है! बीस साल कुछ नहीं होगा इसको."

मग बाईच हसल्या. "डॉक्टर, उस हड्डी को बोलो ना, बाकी सबको भी थोड़ा सिखाए."

डॉक्टरबाई हात धुवायला वळल्या आणि बराच वेळ नळ तसाच चालू राहिला.

शेवटच्या आठवड्यात औषधांनी बाईंचं तोंड आतून सोलवटलं. पाण्याचा घोटही उतरेना, अनिकेतलासुद्धा हात लावू देईनात. मी डॉक्टरबाईंना फोन केला. त्या दवाखाना बंद करून हेंद्रेपाड्याला आल्या, पलंगावर बसल्या आणि ओल्या कापसाने एकेक दात पुसत राहिल्या. बाईंनी त्यांचं मनगट धरून ठेवलं होतं. "अनिकेत जेवला का?" एवढंच त्या बोलल्या.

निघताना डॉक्टरबाई जिन्यात पायरीवर बसल्या. मी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. चिमटीएवढं अंतर दाखवत त्या म्हणाल्या, "मैं बस इतनी जगह भर सकती थी, मीनाजी. इतनी ही."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई गेल्या. पन्नाशीही गाठली नव्हती त्यांनी.