नाजूकरावांच्या हातावरचे बारा थेंब

नाजूकराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नको. ते नाव वाचनालयातल्या शिपायाने ठेवलं होतं आणि त्याच्याकडे तसं सबळ कारण होतं. नाजूकराव पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर बसत. टेबल खिडकीशी, खुर्चीला गादी. आतल्या कपाटातलं पुस्तक कुणी मागितलं की ते रुमाल नाकाशी नेत आणि अगदी खेदाने म्हणत, "धुळीची ॲलर्जी आहे हो मला." मग बिचारा शिपाई शिडीवर चढे. बरं, ॲलर्जी एक असती तर गोष्ट वेगळी. लोकरीची होती, म्हणून थंडीत सकाळचं दूध आणायला जाता येत नसे. भांड्यांच्या साबणाची होती. झाडांच्या परागांची होती, म्हणून गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालणं बायकोकडे. वरच्या मजल्यावरची मुलगी गायला बसली की त्यांच्या कानाच्या पाळ्यांना खाज सुटे. ही कोणती ॲलर्जी, ते विचारायची सोय नव्हती.

खरं सांगायचं तर माणसाला कसलीही ॲलर्जी नव्हती. होती ती फक्त कुत्र्यांची भीती.

लग्नानंतर नाजूकराव पहिल्यांदा सासुरवाडीला गेले, तेव्हा फाटकातून वासराएवढा कुत्रा धावत आला आणि त्यांचं तोंड चाटू लागला. किंचाळी अगदी ओठांवर आली होती. पण समोर दोन मेहुणे, सासरे आणि कालपरवाची बायको. तेवढ्यात कुत्र्याचा केस नाकात गेला आणि किंचाळीऐवजी शिंक बाहेर पडली. नाजूकराव डोळे पुसत म्हणाले, "मला कुत्र्यांची ॲलर्जी आहे." झालं! कुत्रा बांधला गेला, बसायला चांगली खुर्ची आली, पाठीला उशी आली, सासऱ्यांनी स्वतः पंखा लावला. भित्र्याला लोक हसतात आणि आजाऱ्याला उशी देतात, एवढं ज्ञान त्यांना त्या दिवशी झालं आणि पुढची तेवीस वर्षं त्यांनी ते मनापासून वापरलं.

बायको मात्र सरळ. नवरा म्हणाला ॲलर्जी, म्हणजे ॲलर्जी. तिचं माहेर बसने तीन तासांवर. सकाळच्या बसने जायची, आईजवळ जेमतेम दुपार काढायची आणि संध्याकाळच्या बसने परत. राहायचं नाव नाही. ह्यांच्या जेवणाची आबाळ होईल, आणि जास्त वेळ थांबलं तर कुत्र्याचे केस कपड्यांत बसतील. घरी आली की जिन्यातच ओढणी झटकायची, दारातून थेट न्हाणीघरात जायची, कपडे बादलीत बुडवायची आणि मगच नवऱ्यासमोर यायची. तेवीस वर्षं! नाजूकराव तोवर खुर्चीत बसून पेपर वाचत असत. मला हे लिहितानाही त्या माणसाचा राग येतो.

यंदा सासूबाईंना ऐंशी पूर्ण होणार होती. त्यांनी फोन केला. "एकदा दोघंही या गं. आठ दिवस राहा. मला फक्त एवढंच हवंय."

"आई, कुत्रा आहे ना..."

"त्या पहिल्याचं हे पिल्लूही आता म्हातारं झालंय, त्याला कुठे पाठवू? तोच तर असतो माझ्याजवळ."

बायकोने फोन ठेवला आणि म्हणाली, "अहो, यावर काहीतरी इलाज असेलच की. आपण ॲलर्जीचा स्पेशालिस्ट शोधू."

"अगं, ते आपल्या गावात नसतात," नाजूकराव निर्धास्तपणे म्हणाले. पण बायको काय करू शकते, याची त्या माणसाला तेवीस वर्षांत कल्पनाच आली नव्हती.

नेहमीच्या डॉक्टरांनी त्यांना कातडीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. कातडीच्या डॉक्टरांनी भिंगातून बघितलं आणि नाकाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. नाकाचे डॉक्टर म्हणाले, "नाक उत्तम आहे. जपून वापरा." छातीच्या डॉक्टरांनी एका नळीत जोर लावून फुंकायला सांगितलं, तर काटा असा काही वर गेला की नर्सने बाकीच्यांना बघायला बोलावलं. नाजूकरावांना आयुष्यात पहिल्यांदा आपल्या तब्येतीची लाज वाटली. मध्येच एका पाटीवर 'ॲलर्जी' हा शब्द दिसला म्हणून बायको आत शिरली. त्याच पाटीवर टक्कल, मूळव्याध आणि परीक्षेची भीतीही होती. तिने विचारलं, "ॲलर्जीचं शिक्षण तुम्ही कुठे घेतलंत?" त्या गृहस्थांनी घड्याळ बघितलं आणि आपली जेवणाची वेळ झाल्याचं सांगितलं. सकाळचे दहा वाजले होते.

शेवटी छातीच्या डॉक्टरांनीच पत्ता दिला. मोठ्या दवाखान्यात दर गुरुवारी एक डॉक्टरबाई येत. मोठी पदवी घेतल्यावर त्यांनी आणखी काही वर्षं फक्त ॲलर्जीचाच अभ्यास केला होता. नंबर सहा आठवड्यांनी लागेल, असं कळलं तेव्हा नाजूकरावांच्या जिवात जीव आला. दोनच दिवसांनी दवाखान्यातून फोन आला की एका पेशंटने नंबर सोडलाय, येत्या गुरुवारी या, आणि तोवर ॲलर्जीच्या गोळ्या पूर्ण बंद ठेवा. गोळी घेतलेली असली की चाचणीत काही उमटत नाही म्हणे. बायको रोज जेवणानंतर न चुकता गोळी देत असे आणि नाजूकराव ती आनंदाने घेत, कारण तिने झोप फार छान लागायची.

गुरुवारपर्यंत त्यांनी वाचनालयातली आरोग्याची सगळी पुस्तकं वाचून काढली. त्यासाठी स्वतः शिडीवर चढले. शिपाई खाली उभा राहून बघत होता. "साहेब, धूळ आहे हो वर," तो म्हणाला. नाजूकरावांना ऐकूच आलं नाही.

डॉक्टरबाई तरुण आणि शांत होत्या. त्यांनी सगळं विचारलं: शिंका कधी येतात, किती वेळ टिकतात, श्वासाला घरघर लागते का. सगळी उत्तरं बायकोने दिली. मग डॉक्टरबाईंनी नाजूकरावांच्या हाताच्या आतल्या बाजूला पेनने एक ते बारा आकडे लिहिले. प्रत्येक आकड्याशी एकेक थेंब टाकला आणि त्या थेंबातून बारीकशा सुईने कातडीला टोचलं. हा कुत्र्याचा, हा मांजराचा, हा धुळीतल्या किड्यांचा, हा बुरशीचा, हे तीन परागांचे, असं करत करत बारावा थेंब टाकला. "पंधरा मिनिटं बसा. हात खाजवू नका."

नाजूकराव बाकावर बसले आणि हाताकडे डोळे लावून राहिले. एखादी तरी गांधी उठू दे! कुत्र्याची उठली तर सोन्याहून पिवळं, पण मांजराचीही चालेल. बुरशीचीसुद्धा चालेल. आठव्या मिनिटाला बारा आकड्याशी लाल झालं, खाज सुटली आणि टपोरी गांधी उठली.

"आली! आली!" नाजूकराव उभे राहून ओरडले. शेजारच्या पेशंटला वाटलं बसच आली, तो पिशवी घेऊन उठला. बायकोचा चेहरा पडला. "खूप खाजतंय का हो?" ती हळूच म्हणाली आणि त्यांच्या हातावर फुंकर घालू लागली. नाजूकराव अभिमानाने म्हणाले, "असह्य आहे."

डॉक्टरबाई मोजपट्टी घेऊन आल्या. "बारावी ना? ती सगळ्यांनाच उठते. चाचणी नीट चाललीय हे कळावं म्हणून तो थेंब मुद्दाम टाकतो." मग त्यांनी बाकीचा हात बघितला. "कुत्रा, काही नाही. मांजर, काही नाही. धूळ, पराग, बुरशी, काहीच नाही. तुमच्या माहितीवरूनही मला कुठे ॲलर्जी दिसत नाही. उगाच गोळ्या घेऊ नका. अभिनंदन."

नाजूकराव बारा नंबरच्या गांधीकडे बघत राहिले. जगातल्या यच्चयावत माणसांना होते ती गोष्ट त्यांनाही झाली होती.

बाहेर येताच बायकोने बाकाशीच फोन लावला. "आई! बरे झाले गं ते! पूर्ण बरे झाले! आम्ही दोघं येतोय, आठ दिवस!" तिचे डोळे वाहत होते. पलीकडे म्हातारी रडतेय की हसतेय, काही कळत नव्हतं. तिने फोन ठेवला आणि म्हणाली, "मी इतकी वर्षं जपलं ना, त्याचंच हे फळ."

हे वाक्य मात्र नाजूकरावांना सोसवलं नाही. सगळं सोसलं असतं. "अगं, मला कधीच नव्हती ॲलर्जी," ते म्हणाले. "मला कुत्र्याची भीती वाटते. त्या दिवशी लाज वाटली, म्हणून बोलून गेलो."

ती भांडेल असं त्यांना वाटलं. ती भांडली नाही. तिने फोन पर्समध्ये टाकला.

"भीती वाटते म्हणाला असतात, तर मी दोन दिवस हसले असते," ती म्हणाली. "आणि राहायला गेले असते. एकटी गेले असते. बाबा शेवटचे आजारी होते तेव्हाही संध्याकाळची बस पकडली मी."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ती एकटी गेली. नाजूकरावांनी बॅग उचलून दिली. "कधी येशील?" त्यांनी विचारलं. "बघते," ती म्हणाली.

नाजूकरावांनी दोन दिवस काढले. स्वतः भांडी घासली, कुंड्यांना पाणी घातलं. हाताला काही झालं नाही, हे बघून त्यांना आणखीच वाईट वाटलं. तिसऱ्या दिवशी पहिली बस पकडून ते सासुरवाडीच्या फाटकाशी उभे राहिले. दहा वाजून गेले होते. पायरीवर सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. शेजारी कुत्रा. नाजूकरावांनी काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं. त्यांनी तोंड उघडलं, तोच सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू, जावईबापू," त्या कुजबुजल्या. "झोपलीय ती. लग्न झाल्यापासून माझ्या घरात सकाळी अशी झोपलेली पाहिली नव्हती मी. काल तर अकराला उठली. उठवू नका तिला."

नाजूकराव आवाज न करता फाटकातून आत आले आणि पायरीच्या टोकाशी बसले. कुत्रा उठला. संथपणे चालत आला, त्यांचे बूट हुंगले, गुडघे हुंगले आणि मग ओलं नाक थेट त्यांच्या गळ्याशी आणलं. किंचाळी पुन्हा अगदी ओठांपर्यंत आली.

आत ती झोपली होती. नाजूकरावांनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं आणि तसेच बसून राहिले.