झाऱ्याला बांधलेली किल्ली

लालबागला चिवड्याच्या कारखान्यात मी कढईवर असते. कारखाना म्हणजे चाळीतल्या दोन खोल्या, मधली भिंत पाडून एक केलेल्या. एक पंखा आहे, तो नुसता आवाज करतो. मे महिन्यात तिथे उभं राहिलं की आधी पोहे तळून निघतात की मी, सांगता येत नाही.

बायकांच्या संडासाची किल्ली मालकांच्या टेबलाशी टांगलेली. हरवू नये म्हणून जुन्या झाऱ्याला बांधलेली. म्हणजे जायचं तर हातभर झारा घेऊन, सगळ्या पुरुषांसमोरून, गॅलरीच्या टोकापर्यंत मिरवणूक. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मग मी अक्कल चालवली: पाणीच प्यायचं नाही. वर ऐट अशी की, "मला बाई दिवसभर लागतच नाही!" मालक नव्या मुलींना सांगायचे, "मावशींकडे बघा, जागेवरून हलत नाहीत." मी कढईतल्या पोह्यांसारखी फुलायचे.

त्यात ब्लडप्रेशरची गोळी, अंगावर प्लॅस्टिकचा एप्रन आणि एके दिवशी वर संकष्टीचा उपास. दुपारी डोळ्यांपुढे अंधारी आली. कढई नव्हती त्या बाजूला पडले, एवढी अक्कल मात्र अंगाला होती. शुद्ध आली तेव्हा पोह्यांच्या गोणीवर आडवी, आणि मुली खोक्याच्या पुठ्ठ्यांनी वारा घालत होत्या.

खालच्या दवाखान्यातले डॉक्टर वर आले. "आजी, सकाळपासून लघवीला गेलात का?"

पन्नाशीतच आजी! आणि मालक दारात उभे. मी छताकडे बघत म्हटलं, "जाते की अधूनमधून."

"कुठे जातात!" पॅकिंगची नवी मुलगी म्हणाली. "मावशी जात नाहीत, म्हणून आम्हीपण दाबून धरतो. मला दोनदा जळजळ झाली, औषध चालू आहे."

झाऱ्याची लाज त्यापुढे काहीच नव्हती. माझी ऐट ती पोर भोगत होती, आणि मी गोणीवर पडून खोटं बोलत होते.

बरी होऊन कामावर गेले त्या दिवशी सगळ्यांदेखत तांब्याभर पाणी प्यायले. तासाभराने झारा उचलला. शेव पाडणारा म्हणालाच, "मावशी, काय तळायला निघालात?"

"तुलाच. तेल तापव."

कान तापले होते. त्या मुलीला हाक मारली, "चल गं, तूपण."

ती उठली. नकळत झारा पदराखाली गेला होता. तिच्याकडे बघितलं आणि बाहेर काढला.