वाघाला संशय शिकवणारे भाऊजी

आमच्या धाकट्या दिरांनी आयुष्यात कुठल्याही गोष्टीवर सहजासहजी विश्वास ठेवला नाही, स्वतःच्या जन्मतारखेवरसुद्धा नाही. अर्थात त्यात त्यांची फार चूक नव्हती. कडावच्या शाळेत त्यांच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचा जन्म गुरुजींनी एक जूनला लावून टाकला होता. ‘गावातल्या निम्म्या बाया एकाच दिवशी बाळंत झाल्या, तर सुईण पुरली कशी?’ असं ते मला अगदी गंभीरपणे विचारत. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझं माहेर कुठलं हे त्यांनी आधी मला विचारलं आणि मग माझ्या भावाला वेगळं गाठून विचारलं. एसटीत चढताना पाटी वाचायची, मग कंडक्टरला विचारायचं, कंडक्टरची पाठ वळली की शेजारच्या बाईला विचारायचं, आणि एवढं करून कर्जतला उतरल्यावर पुन्हा स्टँडची पाटी वाचायची. मी दूध काढायला बसले की हे गोठ्याच्या दारात उभे. ‘वयनी, म्हस सकालपास्नं पानी किती प्यायली?’ जशी काही म्हैसच आतल्या आत भेसळ करत होती. मुली बघायला गेले तेव्हाही तीच तऱ्हा. पोहे बिघडले तर मुलीला स्वयंपाक येत नाही, आणि पोहे चांगले झाले तर ते शेजारणीने केलेले. अशा माणसाचं लग्न जमायचं कसं? राहिले तसेच.

हा संशय त्यांनी बाहेरून आणलेला नव्हता, तो घरचाच होता. माझे सासरे, म्हणजे माझे मामंजी आणि भाऊजींचे आबा, त्या बाबतीत त्यांचे वडील शोभत. मामंजींना एकच नाद होता, वाघबकरीचा. ओटीवर खडूने रेघांचा पट आखायचा, खडे म्हणजे वाघ आणि चिंचोके म्हणजे शेळ्या. शेळीच्या पलीकडची जागा मोकळी असली की वाघाने उडी मारून ती खायची, आणि शेळ्यांनी मिळून वाघांना कोंडायचं. मामंजी कायम शेळ्या घेत. एखादी शेळी मुद्दाम वाघाच्या तोंडासमोर सोडायची आणि तो खायला आला की मागची वाट बंद करायची, ही त्यांची खासियत. त्यांना तोलामोलाचा गडी एकच होता, कळंबचे त्यांचे मावसभाऊ. ते वारले आणि मामंजींच्या खेळाचे हाल सुरू झाले. गावात मामंजींचा मान मोठा. जो समोर बसे तो दोन डाव खेळून आदराने हरे. मामंजींना ते बरोबर कळे. ‘मला काय लहान पोर समजतोस रं? ऊठ!’ म्हणून चिंचोके अंगणात भिरकावत. हळूहळू ओटीवर कुणी येईना. मामंजी बोलेनासे झाले, ताटातली भाकरी अर्धी टाकून उठायला लागले. पण मी तरी करणार काय? मी स्वतः बसले तर खरीच हरत होते, तरी त्यांना ते खोटं वाटे.

भाऊजी तेव्हा कुंभिवलीजवळच्या एका कारखान्यात वायरमन होते. तिथल्या एका साहेबाच्या मुलाने नको झालेला, टीव्हीला जोडायचा छोटा संगणक त्यांना देऊन टाकला. फुकट मिळालेल्या वस्तूवर भाऊजींनी महिनाभर संशय घेतला, आणि मग एक दिवस ते माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाले, ‘वयनी, ह्याला मान ठेवायचा म्हायती नाय. ह्यो काय आबांना बघून हरनार नाय.’ मग रात्रपाळी नसेल तेव्हा यंत्राला वाघबकरी शिकवायला पुस्तिका उघडून बसायचे. यंत्राला लिहून दिलेला कार्यक्रम टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर साठवायचा असे, त्यापायी माझी भजनाची कॅसेट बळी गेली. ती लावली की त्यातून जो चीत्कार निघे, त्याने म्हैस दावं तोडायला बघे. पण पावसाळा सरता सरता आमच्या टीव्हीवर मोठे ठिपके आणि बारीक ठिपके दिसायला लागले. मोठे ते वाघ.

मामंजी यंत्राला हात लावायला तयार नव्हते. ते आपले खडूच्या पटावर चिंचोका ठेवत, भाऊजी तिथल्या तिथे बटण दाबत, वाघ काय करतो ते टीव्हीवर बघून खडा हलवत. मी बाजूला सूप घेऊन तांदूळ निवडत बसे. पहिल्या डावात मामंजींनी एक शेळी पुढे सोडली, वाघाने खाल्ली. दुसरी सोडली, तीही खाल्ली. खाता खाता वाघ कोपऱ्यात जाऊन असे कोंडले गेले की माझ्या हातातलं सूप थांबलं. ‘ह्यो वाघ हाय का बोका?’ मामंजी म्हणाले, आणि मग त्यांचे डोळे बारीक झाले. ‘तूच शिकवलंस त्याला हरायला.’ भाऊजींनी शपथा घेतल्या. पण बापलेक दोघंही एकाच मातीचे, शपथेवर विश्वास ठेवायचा रिवाज आमच्या घरात नव्हता. मामंजी दोन दिवस ओटीवरच आले नाहीत.

भाऊजींना ते फार लागलं. वाघ मूर्ख नाही, भोळा आहे, असं त्यांचं निदान. त्यांनी काय केलं, तर आपला सगळा स्वभाव त्या यंत्रात ओतला. समोर आलेली प्रत्येक शेळी कुणीतरी कशासाठी तरी पाठवलेली आहे, खाल्ल्यावर परतीची वाट बंद होण्याची एवढीशी जरी शक्यता असली तरी तोंड लावायचं नाही. झालं, वाघ पुरते भाऊजी झाले! शेळ्या नाकासमोरून निवांत चरत जात आणि वाघ जागचे हलत नसत. बसल्या जागी कोंडून उपाशी हरले. मामंजी टीव्हीकडे बघून म्हणाले, ‘ह्याचंबी लग्न व्हायाचं नाय.’ मला हसू आवरेना. भाऊजी मात्र उठून गोठ्यात जाऊन बसले. मामंजी त्या दिवशीही अर्धी भाकरी टाकून उठले, तेव्हा माझं हसू जिरलं.

मी गोठ्यात गेले. म्हटलं, ‘भावजी, सगळ्याच शेळ्यांवर संशय कशाला घेता? मामंजींना फसवायचं असलं की ते शेळी पटकन ठेवतात आणि लगेच माझ्याकडं बघून पावसापाण्याचं काहीतरी बोलतात. एरवी त्यांचा हात पटावर कितीतरी वेळ घिरट्या घालतो.’ भाऊजींना पटलं नाही, हे सांगायला नकोच. मला मामंजींसमोर खेळायला बसवून त्यांनी खांबाआडून घड्याळ लावून बघितलं. इतके दिवस बटण ते स्वतःच दाबत असूनही स्वतःवर विसंबायची त्यांची तयारी नव्हती. शेवटी खात्री पटली तेव्हा म्हणाले, ‘यंत्राला डोलं नाय, पन घड्याल हाय.’ त्यांनी वाघाला नवी गोष्ट शिकवली. बटण दाबलं जाईपर्यंत बराच वेळ गेला, म्हणजे मामंजींनी शेळी विचार करून ठेवली, तर खायची, झटकन ठेवली तर सावध राहायचं.

त्या रविवारी मामंजींनी एक शेळी टाकली आणि मला विचारलं, ‘अवंदा भात कसं काय म्हनतंय गं?’ वाघ हलला नाही. दुसरीकडे मात्र जाऊन त्यांची चांगली विचारपूर्वक ठेवलेली शेळी उचलली. मामंजी दचकले. डाव लांबत गेला, शेळ्या कमी होत गेल्या, आणि शेवटी मामंजी हरले. खरेखुरे हरले. ‘कळंबवाला असाच वळखायचा मला,’ ते म्हणाले आणि त्यांनी जेवायला वाढ म्हणून सांगितलं. दोन भाकरी खाल्ल्या. त्यानंतर रोज डाव व्हायचा. ते कधी हरत, कधी जिंकत, आणि वाघाला तोंडभरून शिव्या देत. घर पुन्हा घरासारखं झालं.

दोन-तीन वर्षं अशी गेली. मग एका हिवाळ्यात मामंजी जिंकायला लागले. एकदा, दोनदा, मग रोजच. वाघ पुन्हा पहिल्यासारखा प्रत्येक शेळी खाई आणि कोंडून बसे. भाऊजींनी यंत्र उघडून बघितलं, कॅसेट तपासली, वीज मंडळावर संशय घेतला. एके दुपारी तांदूळ निवडताना माझं लक्ष मामंजींच्या हाताकडे गेलं. आमिषाची शेळीसुद्धा ते आता लगेच ठेवत नव्हते. चिंचोका बोटांत धरून तो कुठे ठेवायचा होता ते आठवत बसत. वाघाला वाटे, म्हातारा विचार करतोय, म्हणजे खोट नाही. मी वर बघितलं, तर भाऊजीही त्याच हाताकडे बघत होते.

डाव संपला. मामंजींनी मान वर केली. ‘तू त्याला कमी केलंस.’

‘नाय आबा, मी हातबी नाय लाव...’ एवढं बोलून भाऊजी थांबले. त्यांनी शपथ घेतली असती, तर मामंजी स्वस्थ बसणारे नव्हते. कुठे बिघडलं ते शोधत शोधत स्वतःच्या हातापर्यंत आले असते. भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मी सुपात डोळे घातले.

‘व्हय आबा,’ ते म्हणाले. ‘मीच कमी केला. तुमाला बरं वाटावं म्हनून.’

मामंजींनी ओटीवर असा हात आपटला की चिंचोके पार उंबऱ्यापर्यंत गेले. ‘वाटलंच मला! माज्या डोल्यांत धूल टाकतोस रं? अजून डोकं शाबूत हाय माजं!’ केवढा आनंद होता तो चेहऱ्यावर! लेकाचा एवढा एकच शब्द त्यांनी तिथल्या तिथे खरा मानला, आणि तेवढाच खोटा होता. संध्याकाळी वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारून त्यांनी पोराला कसं पकडलं ते सांगितलं. भाऊजी बाजूला मान खाली घालून उभे होते.

मग त्यांनी वाघाचं घड्याळ सैल केलं, म्हणजे किती वेळाला ‘झटकन’ म्हणायचं ती मुदत वाढवली. मामंजींचा हात जसजसा संथ होत गेला तसतसं ते आणखी सैल करत गेले. मामंजी पुन्हा हरायला लागले आणि समाधानाने जेवायला लागले. पुढच्या वर्षी गेले.

अजूनही गावातलं कुणी भेटलं की भाऊजींना चिडवतं, ‘म्हाताऱ्यानं बरा धरला व्हता तुमाला.’ एरवी शब्दाशब्दावर हुज्जत घालणारे भाऊजी तिथे नुसती मान डोलावतात. ‘हां,’ एवढंच म्हणतात, ‘आबांच्या नजरंतनं कायच सुटायचं नाय.’ तेव्हा मला त्यांच्याकडे बघवत नाही.