घोगऱ्या आक्काचा आवाज

गेल्या मंगळवारी मी मुळशीत, कासार आंबोलीत होते... आणि तिथं जे झालं ते कुणाला तोंडानं सांगायला जड जातंय. म्हणून इथं लिहितेय. माणसांची नावं बदलली आहेत, तेवढं तरी करायलाच हवं.

माझ्या गाण्यांच्या अल्बमचं रेकॉर्डिंग चालू आहे, हे तुमच्यापैकी काहींना माहीत आहे. सगळी दुसऱ्यांनी गायलेली, मला लहानपणापासून आवडणारी गाणी... एक लावणी, दोन भावगीतं, एक गझल, एक हिंदी सिनेमातलं क्लबमधलं गाणं आणि शाळेत म्हटलेलं एक इंग्रजीसुद्धा. मित्र म्हणतात, हा अल्बम नाही, मिसळ आहे!

खरं सांगायचं तर हा सगळा खटाटोप एका गोष्टीसाठी होता. टीव्हीवरच्या कॉमेडी शोमध्ये मी 'घोगरी आक्का' करते, फाटक्या, खरखरत्या आवाजात सुनेला टोमणे मारणारी सासू. कुठंही गेले की लोक आधी तो आवाज काढायला सांगतात... मला दाखवून द्यायचं होतं की मला दुसराही आवाज आहे.

माझा मित्र विनय साउंड रेकॉर्डिस्ट आहे. त्याच्या कासार आंबोलीतल्या बंगल्यातल्या एका खोलीत त्यानं स्टुडिओ केलाय. जेवण शेजारच्या सुमनताई करून आणतात.

मंगळवारी सकाळपासून एक संथ भावगीत काही केल्या जमत नव्हतं. दुपारी पलीकडच्या प्लॉटवर जेसीबी सुरू झाला आणि रेकॉर्डिंगच थांबलं. आम्ही व्हरांड्यात चहा घेत बसलो... मी मनातून पार खट्टू.

तेवढ्यात सुमनताई आल्या, मागोमाग वाडीतल्या चार-पाच बायका. "मॅडम, ह्यास्नी तुमाला बघायचं व्हतं." लगेच फर्माईश आली, "आक्काचा आवाज काढून दावा की!"

मी काढला. एरवी मी कंटाळते, पण त्या दिवशी त्यांच्या हसण्यानं मला फार बरं वाटलं. मग मी आणखी रंगवत गेले... खोकले, खाकरले, मान वाकडी केली.

कडेला एकजण उभी होती. चाळिशीची असेल, पदर गळ्याभोवती घट्ट लपेटलेला. ती पुढं झाली आणि हुबेहूब त्याच आवाजात म्हणाली, "ताई, ते सकाळचं गानं म्हना ना. त्येच आयकाया आले मी."

मी टाळ्याच वाजवल्या. "अगं बाई! ही तर माझ्यापेक्षा भारी आक्का करते! थांबा, थांबा, पुन्हा बोला... व्हिडिओ काढू या!" आणि मोबाईल काढून तिच्या तोंडासमोर धरला.

कुणीच हसलं नाही...

सुमनताई हळूच म्हणाल्या, "मॅडम, ती नक्कल न्हाई करत. माजी जाऊ हाय ती, रंजना. गळ्याचं आपरेशन झालं तवापासनं तिचा आवाजच तसा हाय."

मोबाईल अजून माझ्या हातात होता. तो खाली घ्यायलासुद्धा मला सुचलं नाही. मग कितीदा सॉरी म्हणाले, आठवत नाही.

"ऱ्हाऊ द्या," रंजनाताई म्हणाल्या. "सवय हाय. तुमचा कार्यक्रम लागल्यापासनं वाडीतली पोरं मला घोगरी आक्काच म्हनत्यात." बोलण्यात राग नव्हता. कुणी पत्ता विचारावा आणि तो सांगावा, तसं सांगितलं त्यांनी.

आधी त्या भजनी मंडळात गायच्या, लग्नात हळदीची गाणी म्हणायच्या. आता बचत गटाच्या मीटिंगलाही तोंड उघडत नाहीत... हे मला सुमनताईंनी नंतर सांगितलं.

जेसीबी थांबल्यावर विनयनं रंजनाताईंना आत नेलं, स्वतःशेजारी बसवलं, हेडफोन दिले. मी काचेच्या पलीकडे माइकसमोर उभी राहून ते भावगीत म्हटलं. डोळे मिटून गायले... भावना दाटून आल्या म्हणून नव्हे, त्यांच्याकडे बघवत नव्हतं म्हणून.

गाणं झाल्यावर मला काय सुचावं? म्हटलं, "शेवटच्या ओळीला माझ्याबरोबर गुणगुणाल का? अल्बममध्ये ठेवू."

"नगं," त्या म्हणाल्या. "माज्या आवाजावर लई हसून झालंय लोकांचं." मग हेडफोन नीट टेबलावर ठेवत म्हणाल्या, "गानं मातर ग्वाड म्हनलंत." आणि धारा काढायची वेळ झाली म्हणून निघाल्या.

त्या गेल्यावर कळलं, मी ते त्यांच्यासाठी विचारलंच नव्हतं. मला हलकं वाटावं म्हणून विचारलं होतं... तेही त्यांच्याच आवाजाच्या जोरावर.

पुढच्या शूटला मी आक्का साध्या आवाजात केली. दिग्दर्शकांनी विचारलं, "घसा बरा आहे ना?" मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "एक एपिसोड करून बघू." हशा कमी आला... पुढं काय होईल, माहीत नाही.

काल सुमनताईंना फोन केला होता. पोरं अजून तेच नाव घेतात म्हणाल्या. घेणारच... मी टीव्हीवर आवाज बदलला म्हणून वाडीत पडलेलं नाव थोडंच पुसलं जातं?

रंजनाताई, तुम्ही हे बहुतेक वाचणार नाही. पण माझं गाणं संपेपर्यंत तुम्ही तिथं बसून राहिलात, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे.

तुम्ही मधेच उठून गेला असतात, तर मला सोपं गेलं असतं.